काही झालं की आधी मुलींचा खेळ थांबतो

(वस्तीपातळीवर मुलींचे गट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

सकाळपासून आपण रेशन, पोटगी, कोर्टाच्या तारखा यांवर बोलतो आहोत. जेवणानंतरच्या वेळात मला फुटबॉलवर बोलायला सांगितलं आहे. कार्यक्रम ठरवताना एक जुनी मैत्रीण हसत म्हणाली, "बरं झालं, जेवणानंतर हलका विषय असलेला बरा." मी तिच्यावर रागावले नाही. दहा वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आज मात्र मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगायला उभी आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा आपल्या देशात झाली. ११ ते ३० ऑक्टोबर. सोळा देशांचे संघ. सामने भुवनेश्वरला, गोव्यात मडगावजवळ फातोर्ड्याला आणि आपल्या नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मुलांसाठी अशी जागतिक स्पर्धा १९८५ साली सुरू झाली, मुलींसाठी २००८ साली. मधली तेवीस वर्षं मुली काय करत होत्या, असं कोणी विचारलं नाही.

भारताचा संघ यजमान म्हणून खेळला. तीन सामने झाले. अमेरिकेने आपल्यावर आठ गोल केले, मोरोक्कोने तीन, ब्राझीलने पाच. आपला एकही नाही. सोळा-शून्य. त्या आठवड्यात माझ्या फोनवर नातेवाइकांचे विनोद यायला लागले. एका चुलतभावाने लिहिलं, "कशाला नाक कापून घ्यायचं? नाही खेळल्या तर काय बिघडतं?"

हे शेवटचं वाक्य नीट ऐका. "नाही खेळल्या तर काय बिघडतं?" आज मला या एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे. काहीही झालं, कुठेही झालं, कोणाचीही चूक असो, की त्यावरचा पहिला उपाय ठरलेला असतो. मुलींचा खेळ थांबवा.

या स्पर्धेचंच बघा. ती खरं तर २०२० च्या नोव्हेंबरात व्हायची होती. करोना आला. ती २०२१ वर गेली आणि मग रद्दच झाली. साथ खरी होती, मुलांचीही त्या वेळची स्पर्धा रद्द झाली, हे मान्य. पण त्याच २०२० मध्ये, सप्टेंबर ते नोव्हेंबर, पुरुषांचं आयपीएल दुबई-अबुधाबीला नेऊन पार पाडलंच की. ज्यात पैसा आहे तो खेळ थांबू द्यायचा नाही असं ठरवलं की वाट सापडते. इथे दोन वर्षांनी स्पर्धा झाली तेव्हा २००५ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र होत्या. २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या, दीड-दोन वर्षं शिबिरांत घाम गाळलेल्या मुलींची संधी कायमची गेली. सतरावं वर्ष कोणासाठी थांबत नाही. हे आपल्याला लग्नांच्या बाबतीत चांगलं माहीत आहे.

दुसरी गोष्ट. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना, जागतिक संघटनेने म्हणजे फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. भांडण कशाचं? महासंघाच्या खुर्चीवर कोणी, किती वर्षं बसायचं याचं. निवडणुका रखडलेल्या, सुप्रीम कोर्टाने प्रशासकांची समिती नेमलेली, आणि बाहेरचा हस्तक्षेप म्हणून फिफाची कारवाई. त्या खुर्चीच्या भांडणात एकही सोळा वर्षांची मुलगी नव्हती. पण शिक्षा कोणाला? स्पर्धा भारतातून जाणार, अशी वेळ आली. अकरा दिवसांनी, २६ ऑगस्टला, निलंबन उठलं. ते अकरा दिवस त्या मुली काय विचार करत झोपल्या असतील?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये हा संघ सरावासाठी युरोपला गेला होता. तिथे संघाच्या सहाय्यक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाची तक्रार झाली. त्याला दौऱ्यावरून परत पाठवलं आणि नंतर काढून टाकलं. वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या, मग संपलं. माझ्या मनातून ते गेलं नाही. परक्या देशात, घरापासून हजारो मैल लांब, पासपोर्टपासून जेवणापर्यंत सगळं मोठ्यांच्या हातात, संघात कोण राहणार हेही त्यांच्याच हातात. अशा ठिकाणी तोंड उघडायला काय लागतं? "बोलले तर माझा खेळ बंद होईल" ही भीती गिळून बोलावं लागतं.

हे आपल्याकडचंच आहे असं समजू नका. जरा मागे जाऊ. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या मुलींचा 'डिक, कर लेडीज' नावाचा संघ इतका गाजला की १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला त्यांचा सामना बघायला त्रेपन्न हजार लोक आले. सामन्यांचे पैसे धर्मादाय कामाला जायचे. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. हा खेळ बायकांना शोभत नाही, शिवाय जमलेल्या पैशातला फार वाटा खर्चात जातो, सबब आमच्या संघांची मैदानं बायकांना देऊ नयेत. हिशेबाची शंका होती तर हिशेब तपासायचा. पण नाही, खेळ बंद. आणि किती काळ? पन्नास वर्षं. पश्चिम जर्मनीत अशी बंदी १९५५ ते १९७० होती. ब्राझीलमध्ये, फुटबॉल ज्यांचा धर्म म्हणतात त्या ब्राझीलमध्ये, १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकुमानेच बायकांना हा खेळ मना होता.

आता पुन्हा आपल्या सोळा-शून्यकडे येऊ. हे गोल एका रात्रीत झालेले नाहीत.

अमेरिकेचे आठ. १९७२ साली त्या देशात कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कोणाला कशातूनही वगळता येणार नाही. खेळही त्यात आला. कायद्याआधी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आज तीस लाखांच्या वर आहेत. कायदा नुसता झाला म्हणून हे झालं नाही. मुलींनी आणि पालकांनी कॉलेजांना कोर्टात खेचलं, मैदानांचे आणि पैशांचे हिशेब मागितले. भुवनेश्वरला आपल्या मुलींसमोर पन्नास वर्षांची ती लढाई उभी होती.

मोरोक्कोचे तीन. आपल्यापेक्षा कितीतरी लहान देश, आणि या स्पर्धेत त्यांचाही संघ पहिल्यांदाच आला होता. पण त्यांच्या महासंघाने २०२० साली बायकांसाठी दोन पायऱ्यांची व्यावसायिक लीग करायचं ठरवलं आणि त्यावर पैसे खर्च केले. २०२२ मध्ये त्यांच्या मोठ्या बायकांचा संघ आफ्रिकेच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला. ठरवलं तर दोन-तीन वर्षांतही फरक पडतो.

ब्राझीलचे पाच. ज्यांच्या आज्यांना चेंडूला पाय लावायला बंदी होती, त्यांनी ते पाच गोल केले. मला तर त्यांचाही आनंद झाला.

आणि आपल्याकडे? आपल्या बायका मुळातच कच्च्या आहेत असं नाही. १९८३ पर्यंत भारतीय बायकांचा संघ दोनदा आशियाई स्पर्धेत दुसरा आला होता. त्याच १९८३ साली शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉल खेळणाऱ्या बाईला मिळालेला पहिला. मग पुढे कोणी हात दिला नाही.

२०२२ च्या संघाची कर्णधार अष्टम उराँव. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. ती कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या गावात रस्ता करायला घेतला. त्या रस्त्यावर रोजंदारीने काम कोण करत होतं? तिचे आईवडील. मुलीच्या नावाने होणाऱ्या रस्त्यावर आईबाप खडी उचलताहेत आणि मुलगी भुवनेश्वरला राष्ट्रगीताला उभी आहे. एकवीस जणींच्या संघात झारखंडच्या सहा होत्या, मणिपूरच्या कितीतरी, आपल्या पुण्याची काजोल डिसोझा होती. यातल्या कितीजणी कसल्या घरांतून आल्या ते पाहिलं तर सोळा-शून्यवर हसणाऱ्याला लाज वाटावी.

आता मी आपल्या घरातलं सांगते. हे सांगायचं की नाही यावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की सांगायचं.

आमची वस्ती तुर्भ्याच्या बाजूला. नेरूळचं स्टेडियम तिथून लोकलने दोन स्टेशनांवर. २०१९ पासून आम्ही वस्तीत मुलींचा फुटबॉलचा गट चालवतो. मुंब्र्यात 'परचम'च्या मैत्रिणींनी २०१२ पासून मुलींचा फुटबॉल उभा केला, मैदानासाठी सह्या गोळा केल्या, ते ऐकून आम्हाला हुरूप आला. चौदा मुली होत्या. त्यांना शिकवायला एका संस्थेकडून एक तरुण मुलगा यायचा. चांगला शिकवायचा, आमच्याशी अदबीने बोलायचा.

एक दिवस पंधरा वर्षांची एक मुलगी सराव संपल्यावर मागे रेंगाळली. मला म्हणाली, "ताई, सर रात्री मेसेज करतात. फोटो पाठव म्हणतात." मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाली, "दोन महिने झाले." मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "सांगितलं तर तुम्ही टीम बंद कराल."

आणि मैत्रिणींनो, आम्ही काय केलं? आम्ही टीम बंद केली. मी म्हटलं, "प्रकरण नीट समजून घेऊ, तोवर सराव थांबवू." वीस वर्षं हिंसाचाराच्या केसेस हाताळणारी मी. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा मी शिबिरांत शिकवते. असं काही कळलं की ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे फळ्यावर लिहून दाखवते. आणि आम्ही बारा दिवस बैठका घेतल्या. संस्थेचं काय, त्या मुलाच्या आयुष्याचं काय, वस्तीत बभ्रा झाला तर बाकीच्या मुलींना घरचे पाठवतील का! हे बारा दिवस तो दुसऱ्या मैदानावर शिकवत होता. आमच्या चौदा मुली घरी बसून भाकऱ्या थापत होत्या.

बाराव्या दिवशी त्या मुलीची आई आली. ती घरकाम करते. दारातच उभी राहून म्हणाली, "त्याचा मेसेज आला तर माझी पोरगी घरात का? त्याला घरात बसवा की." त्या दिवशी आम्ही तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेलो. संस्थेने त्याला काढलं. पुढच्या सोमवारी सराव पुन्हा सुरू झाला, शिकवायला आता एक बाई आहे. पण चौदापैकी तीन मुली परत आल्या नाहीत. एकीचं पुढच्या वर्षी लग्न झालं. त्या तीन मुलींचा खेळ त्या मुलाने थांबवला असं मी बरेच दिवस म्हणत होते. खरं म्हणजे तो आम्ही थांबवला.

म्हणून युरोपमधली ती बातमी माझ्या मनातून गेली नाही.

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. अंतिम सामना नेरूळला, स्पेन विरुद्ध कोलंबिया. आम्ही उरलेल्या अकरा मुलींना घेऊन गेलो. सामना रात्रीचा, म्हणजे परतायला अकरा वाजणार. घरोघरी जाऊन परवानग्या काढल्या. एका बापाने विचारलं, "एवढ्या रात्री मुलींचं काय काम?" मी म्हटलं, "दादा, मैदानावर खेळणार आहेत त्याही मुलीच आहेत, तुमच्या मुलीच्याच वयाच्या." तो गप्प बसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मुलगी आली.

कोलंबियाच्या संघात लिंडा कायसेदो होती, सतरा वर्षांची. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, उपचार, आणि पुन्हा मैदानावर. मुलींना मी हे आधीच सांगितलं होतं. तिच्या पायाशी चेंडू आला की आमच्या अकराजणी उभ्या राहायच्या.

गोल होत नव्हता. ऐंशी मिनिटं झाली. ब्याऐंशीव्या मिनिटाला गोंधळ झाला आणि कोलंबियाच्याच एका मुलीकडून, आना मारिया गुझमानकडून, चेंडू स्वतःच्या गोलात गेला. स्पेन एक-शून्यने जिंकलं. सगळं स्टेडियम ओरडत होतं. माझ्या शेजारी बसलेली आमची मुलगी, तीच, जिने तक्रार केली होती, तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "ताई, आता तिचा खेळ बंद करतील का?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

उत्तर नऊ महिन्यांनी मिळालं. ऑगस्ट २०२३ मध्ये मोठ्या बायकांच्या विश्वचषकात कोलंबियाने जमैकाला एक-शून्यने हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. गोल झाला तो ज्या पासवर, तो पास देणारी होती आना मारिया गुझमान. तिचा खेळ कोणी बंद केला नव्हता. ती बातमी मी कापून आमच्या केंद्राच्या भिंतीवर लावली आहे.

जिंकणाऱ्यांचंही सगळं बरं होतं असं समजू नका. नेरूळच्या त्या सामन्याच्या महिनाभर आधीच स्पेनच्या मोठ्या संघातल्या पंधराजणींनी महासंघाला कळवलं होतं की इथली परिस्थिती सुधारल्याशिवाय आम्ही खेळणार नाही. पुढच्या वर्षी त्यांचा देश विश्वविजेता झाला आणि त्याच मंचावर महासंघाच्या अध्यक्षाने जेनी एर्मोसो या खेळाडूचं जबरदस्तीने चुंबन घेतलं. खेळाडू एकजुटीने उभ्या राहिल्या, त्याला पद सोडावं लागलं, २०२५ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं. त्याच २०२३ साली आपल्या कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर रस्त्यावर बसल्या होत्या. न्याय मागायचा तर आधी आपलाच खेळ पणाला लावावा लागतो, स्पेनमध्येही आणि दिल्लीतही.

सामना संपल्यावर बाहेर पडताना दुसऱ्या एका मुलीने विचारलं, "ताई, हे एवढं मोठं मैदान बाकीचे दिवस रिकामंच असतं का?" हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. जागतिक स्पर्धा आली, गेली. आमच्या वस्तीजवळच्या मैदानात त्या दिवशीही मुलं क्रिकेट खेळत होती आणि मुलींच्या वाट्याला कचराकुंडीकडचा कोपरा होता.

मग आमच्या मुलींनी एक काम केलं. एक आठवडा रोज चार ते सात, दर अर्ध्या तासाने, मैदानात किती मुलगे आणि किती मुली आहेत ते वहीत लिहिलं. सर्वांत जास्त मुली एका वेळी होत्या नऊ, त्यातल्या पाच धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. ती वही घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. पाच फेऱ्या झाल्या. आता मंगळवार आणि शुक्रवार, पाच ते साडेसहा, अर्धं मैदान मुलींचं आहे. तिथल्या संडासाचं कुलूप मात्र अजून उघडलेलं नाही. त्यासाठी सहावी फेरी आहे.

मी तुमच्याकडून तीनच गोष्टी मागते. एक, मैदान हा पाण्याच्या नळासारखाच मुद्दा माना. दोन, जिथे मुली खेळतात तिथे तक्रार कोणाकडे करायची, तिचं नाव आणि फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात खेळाची मैदानं आणि प्रशिक्षणाच्या जागाही येतात, हे आपल्यातल्याही पुष्कळजणींना माहीत नसतं. आणि तीन, तक्रार आली तर त्या दिवशीचा सराव रद्द करू नका. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला बाहेर काढा आणि मुलींना खेळू द्या. आमचे बारा दिवस गेले, तुमचा एकही जाऊ नये.

२०२५ साली आपल्या बायकांच्या मोठ्या संघाने पात्रता सामने जिंकून आशियाई स्पर्धेत जागा मिळवली, वीस वर्षांखालील मुलींनी मिळवली, आणि सतरा वर्षांखालील मुलींनीही. सोळा-शून्यनंतर तीन वर्षांत. "नाही खेळल्या तर काय बिघडतं" म्हणणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी ते कळवलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

परत गेल्यावर एका संध्याकाळी पाच वाजता आपापल्या वस्तीतल्या मैदानावर जा आणि मुली मोजा. आकडा काही का असेना, लिहून ठेवा. पुढच्या शिबिरात तो आकडा घेऊनच या. आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.